पांढऱ्या लुगड्याच्या वर

मी लग्नाचे अल्बम बनवते. सरळ सांगायचं तर नवऱ्या गोऱ्या करते. वर्धा, पुलगाव, हिंगणघाटचे चार-पाच फोटोवाले मला पेनड्राइव्हमध्ये फोटो आणून देतात आणि सोबत एकच सूचना देतात, "नंदिनीताई, पोरगी जरा उजळ करजा." नवरदेवाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. तो तव्याच्या बुडासारखा असला तरी चालतो. पोरगी मात्र सरकी काढलेल्या कापसासारखी पाहिजे. मी करून देते. चूल त्यावरच पेटते, म्हणून लाजही वाटत नव्हती. आता वाटते, आणि ती कशी वाटायला लागली तेच सांगायचं आहे.

हे काम मला कोणी शिकवलं नाही. नालवाडीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आधी मी ब्लाउज शिवायची. मग शिलाई मशीन मागे गेलं आणि तिथे एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधून आणलेला कॉम्प्युटर आला, स्कॅनरसकट. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून मी फोटोशॉप शिकले. जिथे अडले तिथे स्वतःच डोकं लावलं. त्या कॉम्प्युटरच्या पडद्याची एक खोड होती. ताठ बसलं की फोटो धुतल्यासारखा फिका दिसायचा, फार खाली गेलं की काळाठिक्कर. खुर्चीत थोडं घसरून, मान डावीकडे कलती केली की बरोबर दिसायचा. किती घसरायचं, किती कलायचं ते ब्लाउजच्या मापासारखं अंगात बसलं होतं. मला वाटायचं, पडदे असेच असतात.

दुसरी खोड लॅबची, असं आम्ही सगळे समजायचो. नागपूरहून छापून आलेला अल्बम पडद्यावर दिसायचा त्यापेक्षा नेहमी काळपट यायचा. फोटोवाले लॅबला शिव्या द्यायचे, मीही द्यायची. आणि पाठवतानाच दोन पायऱ्या जास्त उजळ करून पाठवायचं, असा आमच्या धंद्यात नियमच पडला होता.

गेल्या हिवाळ्यात मागच्या गल्लीतली तानाबाई माझ्याकडे आली. साठीच्या आसपासची, शाळेत पोरांची खिचडी शिजवून नुकतीच घरी बसलेली. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला पन्नास वर्षं होणार होती. ज्या अकरा जणांनी श्रमदान करून विहार बांधला त्यांचे फोटो भिंतीवर लावायचे, असं कमिटीने ठरवलं होतं. दहा जणांचे फोटो घराघरांतून आले, मी ते मोठे करून दिले, अर्थातच चकचकीत आणि उजळ. अकरावी तानाबाईची माय, कौशल्याबाई. तिचा फोटो कोणाकडेच नव्हता. ती गेली तेव्हा तानाबाई चौदा वर्षांची होती आणि घरात फोटो काढण्याची चैन नव्हती.

तानाबाईने पिशवीतून पुठ्ठ्यात धरलेला एक जुना काळा-पांढरा फोटो काढला. विहारावर टिनं चढली त्या दिवशीचा. पंधरा-वीस माणसं ओळीने उभी.

"हे पाह्य, पायरीच्या बाजूले. हे माही माय."

मी पाहिलं. तिथे एक लुगडं उभं होतं. पांढरं लख्ख. त्याच्या वर काही नव्हतं, नुसता काळा डाग.

"मावशी, हिचं डोकं कुठं हाय?"

"डोकं फोटोत आलं नाई व. पन तेच होय. मी तिथंच रेतीत खेळून राह्यली होती. मले कोनं फोटोत घेतलं नाई, म्हनून तं ध्यानात हाय."

काय झालं होतं ते मला एका नजरेत कळलं, कारण आजही तेच होतं. आमच्याकडे विहारातल्या कार्यक्रमाला सगळे पांढऱ्यात येतात. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. वर वर्ध्याचं ऊन. फोटोवाला पांढऱ्या कपड्यांच्या मापाने कॅमेरा लावतो, कपडे सुंदर येतात आणि माणसांचे चेहरे विहिरीत जातात. मग आमचेच लोक फोटो पाहून हसतात, म्हणतात, आपलं थोबाडच फोटोत येत नाही. कॅमेऱ्याची चूक आम्ही स्वतःच्या कातडीवर घेतो. मला या गोष्टीचा फार जुना राग आहे. कौशल्याबाईचं तर दुप्पट झालं होतं. टिनाच्या सावलीची रेघ तिच्या बरोबर खांद्यावरून गेली होती. खांद्याखाली ऊन, वर सावली.

"होईन का काही?" तानाबाईने विचारलं.

"पाह्यतो," मी म्हटलं, आणि तिथेच माती खाल्ली.

मी फोटो स्कॅन केला, लहानच, कारण मोठा केला की माझं मशीन बंद पडायचं. त्या काळ्या डागाला खूप ओढून पाहिलं, राखाडी चिखल आला. मग सोपा रस्ता धरला. हल्ली चेहरे बनवून देणारी ॲप निघाली आहेत. त्यात फोटो टाकला, दोन ओळी लिहिल्या, पाच मिनिटांत बाई तयार. गव्हाळ गोरी, डोळे हरणाचे, केसांचा मधोमध भांग, दात एका ओळीत. मी ती पांढऱ्या लुगड्यावर बसवली आणि विहारात घेऊन गेले. कमिटीचे सचिव प्रेमदासभाऊ, एसटीच्या डेपोतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस, पाहून उभेच राहिले.

"वा व नंदिनी! हे तं बोलते का काय असा फोटो हाय!"

तानाबाईने फोटो हातात धरला, दूर केला, जवळ आणला.

"बाई चांगली हाय," ती म्हणाली. "कोनाची होय?"

"अव, तुही माय होय ना बाई!" प्रेमदासभाऊ हसले.

"माही माय अशी असती तं तिले उन्हात रेती वाहायले कोनं लावलं असतं?" तानाबाईने फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. "हिले भिंतीवर लावू नका भाऊ. लोक फुलं वाहतीन. कोनाले वाहून राह्यलो ते तरी समजलं पाह्यजे."

"मंग अकरावी फ्रेम रिकामी ठेवू का?"

"ठेवा रिकामी. रिकामी खरी तं हाय."

ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. विहाराच्या पन्नाशीचा, पौर्णिमेचा कार्यक्रम अकरा दिवसांवर होता, आणि तानाबाईच्या आईच्या जागी मी परकी बाई आणून उभी केली होती. घरी आले तेव्हा मला स्वतःचाच इतका राग आला होता की नवऱ्यालाही सांगता आलं नाही. अश्वजित वायरमन आहे. तो चहा पिताना एवढंच म्हणाला, "मशीन बदल. तुहं मशीन पाहूनच तुले राग येते."

ते खरंही होतं. मशीन सुरू करून चहा ठेवावा, चहा पिऊन कप धुवावा, तेव्हा ते जागं व्हायचं. नव्यासाठी म्हणून मी पंचवीस हजार बाजूला टाकले होते. त्यात अख्खं नवं मशीन येत नव्हतं. जुन्यात काय बदलायचं, हाच प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी मी वर्ध्याला हेमराजच्या दुकानात गेले. कॉम्प्युटरचं दुकान, बाप किराणा विकायचा, पोरगा माऊस विकतो. बोलण्यात साखर दोघांच्याही.

"ताई, डोळे झाकून ग्राफिक कार्ड घ्या," हेमराज म्हणाला. डबा काढून समोर ठेवला. त्यावर आग ओकणारा राक्षस होता. "चोवीस हजारात बसवून देतो. एआय तं असं पळन का सांगता येत नाई. बिनाचेहऱ्याच्या मानसाले चेहरा लावून देईन."

"काळी बाई बनवते का हे?"

"त्यात लिहायचं ताई, डार्क म्हनून. कार्ड दमदार असलं का शंभर बाया बनवन, त्यातली एक निवडायची. एक काम करा, भाऊले पाठवजा संध्याकाळी, त्यायले सगळं समजावून सांगतो."

"भाऊले माऊस कोन्या हातात धरते ते मालूम नाई," मी म्हटलं. "जे सांगायचं ते मलेच सांग."

तो ओशाळून हसला. पण खरं सांगते, मी त्या डब्याला भुलले होते. शंभर बाया बनवू, त्यातली एखादी तानाबाईच्या आईसारखी निघेल, असा विचार माझ्या डोक्यात आला होता. कार्ड उद्यापर्यंत ठेव, असं सांगूनच मी घरी आले.

त्याच दुपारी मयुरी आली. माझी पुतणी, सिंदी मेघेला राहते, सावंगीच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. सकाळची ड्युटी करून जाता जाता जेवायला थांबते कधी कधी. मी पुलगावच्या एका नवरीवर काम करत होते. मयुरी दारातच उभी राहून मला पाहत राहिली.

"काकू, कंबर दुखते का तुही?"

"चार वर्षं झाले. तुले कोनं सांगितलं?"

"कोंबडीवानी मान करून पाहून राह्यली, म्हनून इचारलं. काऊन अशी बसते?"

"असं बसल्याबिगर बरोबर दिसत नाई."

ती आली, माझ्या खांद्यामागे उभी राहिली. "मले तं इथून येगळाच फोटो दिसून राह्यला. तुह्या नवरीले नाकच नाई." मग पलीकडून वाकून पाहिलं. "इथून काळी दिसते. काकू, यातली खरी कोनती?"

असा प्रश्न मला कोणी कधी विचारलाच नव्हता.

तिने तिच्या मोबाइलवरून माझ्या मशीनवर एक चित्र पाठवलं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एका ओळीत लहान लहान चौकोन. "मोज."

मी मोजले. वाकून, ताठ होऊन, कलून. "बारा."

"वीस हाय."

"बाकीचे आठ कुठं गेले?"

"फाइलमध्येच हाय. तुह्या पडद्याले ते दाखवताच येत नाई. काळ्याकडचे पाच अन् पांढऱ्याकडचे तीन खाऊन टाकले त्यानं." ती पोळी मोडत सांगत होती, जसं काही रोजचंच. "आमच्याकडे डॉक्टर काळ्यातच पाहते काकू. फुफ्फुसात काय हाय ते काळ्यातलं काळं पाहूनच समजते. म्हनून तिथला पडदा लाखाचा राह्यते. तुले तो नको. पन वीसचे वीस दाखवनारा, हललं तरी न बदलनारा साधा पडदा भेटते. चौदा-पंधरा हजारात."

"अन् मशीन?"

"डबा तोच राहू दे. रॅम वाढव, म्हंजे मोठा फोटो उघडला तरी मरनार नाई. आतली फिरनारी डिस्क काढ अन् एसएसडी टाक, म्हंजे चहा प्यायले येळ भेटनार नाई. गेमचं कार्ड नको. तू मानसं पाहते, गाड्या नाई उडवत."

मी तिला कौशल्याबाईचा फोटो दाखवला, स्कॅन नव्हे, खरा कागद. ती खिडकीपाशी घेऊन गेली, तिरपा धरून बराच वेळ पाहत राहिली.

"इथं काई तरी हाय काकू."

"काय?"

"मले मालूम नाई. पन हे सपाट काळं नाई होय. सपाट काळं मी रोज पाह्यतो."

एवढंच. ती जेवून निघून गेली आणि मी त्या वीस चौकोनांसमोर बसून राहिले. सात वर्षं. सात वर्षं मी वाकड्या मानेने जग पाहिलं आणि त्या मापाने शेकडो पोरींच्या तोंडावर कुंचा फिरवला. ज्या सावळ्या पोरींच्या गालावरच्या छटा मला दिसल्या नाहीत, त्या छटा नाहीतच असं मी धरून चालले. शिव्या मात्र लॅबला.

दुसऱ्या दिवशी हेमराजला सांगितलं, कार्ड नको. पडदा पाहिजे, रॅम पाहिजे, एसएसडी पाहिजे. त्याने राक्षसाचा डबा परत कपाटात ठेवला, तोंड कडू करून.

"म्हंजे मशीन जुनीच अन् टीव्ही नवा?"

"टीव्ही नाई, पडदा. अन् चमकनारा नको. खरा दाखवनारा पाह्यजे."

"ताई, खरा मांगनारं गिऱ्हाईक पह्यल्यांदाच आलं. मले नागपुरातून बोलवा लागन. दोन दिवस."

दोनाचे चार झाले. त्यात त्याची चूक नव्हती, गाडीच उशिरा आली. रविवारी सकाळी त्याने स्वतः येऊन सगळं बसवलं. मयुरीलाही सुट्टी होती. पडदा सुरू झाला आणि मी हिरमुसले. मयुरीने आल्या आल्या त्याचा उजेड निम्म्याच्याही खाली आणला होता. खिडकीवर चादर टांगली होती. खोलीत मळभ, पडद्यावर मळभ. जुना कसा झगझगीत होता! मनात आलं, गेले आपले पैसे मातीत.

"मोज," मयुरी म्हणाली.

मी मोजले. पडद्याला नख लावून लावून. वीस. पुन्हा मोजले. मान खाली नेली, वर आणली, खुर्चीवरून उठले, बाजूला जाऊन पाहिलं. वीस. चौकोन जागचे हलले नाहीत. हेमराजनेही मोजले, कोणाला न दाखवता, ओठांतल्या ओठांत.

मग मी पुलगावची नवरी उघडली, गेल्या आठवड्यात पूर्ण केलेली. आणि हात कपाळाला गेला. पोरगी पिठाच्या डब्यात पडल्यासारखी होती. गळा सावळा, हात सावळे, मध्ये एक पांढरं पापुद्र्याचं तोंड. गालाला गोलाई नाही, नाकाला सावली नाही. लॅबवाला बिचारा सात वर्षं खरं छापत होता.

"बाप रे ताई," हेमराज म्हणाला, "हे तुम्ही केलं?"

"मीच केलं," मी म्हटलं. "चूप बस."

मग मी तानाबाईचा फोटो स्कॅनरवर ठेवला. या खेपेला स्कॅनरची जितकी ताकद होती तितक्या मोठ्या मापात, काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या जितक्या छटा तो घेऊ शकत होता तितक्या सगळ्या. आजवर हे बटण मी कधी दाबलंच नव्हतं. दाबलं असतं तर मशीनने राम म्हटला असता. स्कॅनरचा दिवा मुंगीच्या चालीने सरकत होता. फाइल आली, उघडली, मशीन जिवंत राहिलं. मी पायरीजवळचं लुगडं मोठं केलं आणि वर सरकले.

अजून मी काहीच केलं नव्हतं. एक बटण नाही, एक रेघ नाही. पण ते काळं काळं नव्हतं. त्यात खोली होती. रात्री विहिरीत डोकावलं की आधी काही दिसत नाही, मग डोळे बसतात आणि दगडांच्या कडा एकेक करून वर येतात, तसं. फक्त काळ्या भागातल्या छटा अगदी थोड्या, नखाएवढ्या एकमेकींपासून दूर केल्या.

कपाळ वर आलं.

आधी कपाळ. मग त्याखाली भुवईचं हाड. मग एक डोळा, बारीक केलेला, उन्हाकडे पाहणारा. नाक, नाकात नथ नाही, चमकी नाही, नुसतं टोचल्याचं भोक. कपाळाच्या मधोमध काळ्यावर आणखी काळ्या रंगाचं काहीतरी होतं. मी ते आणखी मोठं केलं. गोंदण. एक उभी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना ठिपके. काळ्या कातडीवर हिरवट गोंदण, तेही सावलीत, तेही पन्नास वर्षं जुन्या कागदावर. ते दिसत होतं. डोक्यावर पदर नव्हता, चुंबळ होती, आणि चुंबळीवर घमेलं. ज्याला आम्ही सगळे काळा डाग म्हणत होतो त्यातला अर्धा डाग घमेल्याचा होता. बाकी सगळे फोटोसाठी ओळीत उभे राहिले आणि ही बाई डोक्यावरचं ओझंही न उतरवता येऊन उभी राहिली होती.

आणि तिचं तोंड उघडं होतं. ती काहीतरी बोलत होती.

मी काही देवभोळी बाई नाही. चमत्कार म्हटलं की मला आधी चोर आठवतो. पण त्या सकाळी मला जे वाटलं त्याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही. त्या दिवशी टिनाखालच्या सावलीतही तिच्या कपाळावरून चिमूटभर उजेड परतला होता, कॅमेऱ्यात शिरला होता आणि कागदावर येऊन बसला होता. कोणी पाहत नाही म्हणून तो उठून गेला नाही. पिशवीत, पुठ्ठ्यात, ट्रंकेत पन्नास वर्षं तसाच बसून राहिला. ती बाई फोटोत पहिल्यापासून होती. नव्हतो ते आम्हीच.

हेमराजने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मग मयुरी हळूच म्हणाली, "आता हात लावू नको काकू. तिले तशीच राहू दे."

मी तानाबाईला बोलावलं नाही, मीच तिच्या घरी गेले. "मावशी, चाला," एवढंच म्हटलं. ती कुरकुरतच आली. दारात थांबून म्हणाली, "आता कोनती बाई आनली?"

मी खुर्ची दिली. ती बसली. पडद्याकडे पाहिलं.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. चादरीच्या फटीतून आलेली उन्हाची रेघ फरशीवरून सरकत भिंतीपर्यंत गेली, एवढं पाहिलं. तानाबाईने बोट वर केलं, पडद्याला लावलं नाही, हवेतच धरलं आणि ते गोंदण हवेतच काढलं. एक रेघ, दोन्ही बाजूंना ठिपके.

"हे मी इसरली होती," ती म्हणाली. "पाह्य ना, मायच्या कपाळावर काय होतं ते मी इसरली होती. हातावरचं ध्यानात होतं, कपाळावरचं नाई." मग नाक ओढलं. "काळी होती व. लय काळी होती. मले वाटे, मीच तशी समजतो."

"बोलून काय राह्यली ते?" मयुरीने विचारलं.

"शिव्या देऊन राह्यली असन गवंड्याले. तोंड चुप नव्हतं तिचं कधी." आणि तानाबाई हसली, डोळे पुसत पुसत हसली. मीही हसले, आणि मग मला रडूच आवरेना. तिने माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. माफी होती की शिक्षा, विचारलं नाही.

कार्यक्रमाला पाच दिवस राहिले होते. मी फोटो लॅबला पाठवला, जसा होता तसा, दोन पायऱ्या न चढवता. छापून आला तो पडद्यावरच्याचा जुळा भाऊ. मी तो विहारात नेला. प्रेमदासभाऊंनी बघितला आणि त्यांचा चेहरा पडला.

"लय काळी येऊन राह्यली व. बाकीचे दहा पाह्य, कसे चकचकीत! हे भिंतीवर दिसनच नाई. थोडं उजळ कर ना, तुले काय, एक बटन."

"नाई करत."

"अव, पन लोकायले दिसलं पाह्यजे का नाई?"

"ते दहा मीच चकचकीत केले भाऊ. चुकली मी. त्यात तुमचे बाबाही हाय. त्यायच्या तोंडावर मी चुना फासला. ते दहाही मी फुकट नवीन करून देतो."

प्रेमदासभाऊ आपल्या बापाच्या फोटोपाशी गेले. पाहिलं. परत आले तेव्हा आवाज उतरला होता. "बरं, ते मंग पाहू. पन परवा कार्यक्रम हाय. कौशल्याबाईची भिंत अंधारातली हाय. तिथं हे दिसनार नाई, हे तं खरं ना?"

तानाबाई तोवर पायरीवर बसून ऐकत होती. ती उठून आत आली.

"भिंत अंधारातली हाय तं भिंतीवर लाइट लावा," ती म्हणाली. "माह्या मायले काऊन पांढरी करता? तिनं रेती वाह्यली, तुमी वायर वाहा."

कमिटीच्या खर्चाच्या वहीत लाइट नव्हता. मी अश्वजितला फोन लावला. तो संध्याकाळी शिडी घेऊन आला, छताच्या वाशावरून वायर ओढली, फ्रेमच्या वर एक लांबट दिवा बसवला आणि उजेड थेट डोळ्यांवर न येता खाली पडावा म्हणून तीनदा वाकवून पाहिला. प्रेमदासभाऊंनी शिडी धरली.

पौर्णिमेला सगळी वस्ती पांढऱ्यात आली. वंदना झाली, भाषणं झाली, भाषणं लांबली. मग लोक भिंतीपाशी आले. दहा फोटोंसमोरून चालत गेले, पाहत, ओळखत, पुढे सरकत. अकराव्यापाशी रांग अडली. जो यायचा तो थांबायचा, आधी काही दिसत नाही म्हणून जवळ जायचा, मग आणखी जवळ, आणि मग एकदम मागे सरायचा, जसं काही आतून कोणी पाहिलं असावं. एका म्हाताऱ्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "अबे, हे तं कौशल्या होय! घमेल्यासकट!" बाया हसल्या. एका पोरीने आपल्या आईला विचारलं, आजीच्या कपाळावर काय लिहिलं आहे. तानाबाई बाजूला उभी होती, जो येईल त्याला सांगत होती, "माही माय. माही माय होय ते." सांगून सांगून तिचा आवाज बसला.

विहार रिकामा झाल्यावर मीही जवळ गेले. दिवा चालू होता. कपाळ, डोळा, उघडं तोंड. इतक्या जवळून पाहिलं की वाटतं, आता बोलेल. आणि बोलली तर काही गोड बोलणार नाही.